आरसीवरचा बोजा उतरवायचा असेल तर आधी हे वाचा

"लोन कधीच फिटलंय, गिऱ्हाईक तयार आहे, गाडी आजच नावावर करून द्या" असं आरटीओची कामं करून देणाऱ्या आमच्याकडे रोज कोणी ना कोणी येऊन म्हणतं म्हणून हे पत्रक. लोन फिटलं ते बँकेत, आरटीओत नाही. आरसीवर फायनान्सरचं (कर्ज देणाऱ्याचं) नाव, म्हणजेच बोजा, आहे तोवर त्याच्या लेखी संमतीशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही, मोटार वाहन कायदा 1988, कलम 51.

लोक गहाण, एचपी, लियन सगळं एकच समजतात. सोनं बँकेत ठेवून पैसे उचलता ते गहाण, वस्तूचा ताबाच जातो आणि पैसे थकले तर नोटीस देऊन ती विकताही येते (काँट्रॅक्ट अ‍ॅक्ट 1872, कलम 172 आणि 176). हायपोथिकेशन म्हणजे एचपी, यात गाडी तुम्हीच फिरवता पण तारण बँकेकडे. आणि बिल दिलं नाही म्हणून गॅरेजवाला गाडी सोडत नाही तो लियन, कलम 170, पण तोही फक्त त्याच कामाच्या बिलापुरता, मागच्या उधारीसाठी गाडी अडवता येत नाही की परस्पर विकताही येत नाही.

खरा घोळ एनओसीचा, म्हणजे लोन फिटल्यावर बँक देते त्या ना-हरकत पत्राचा. बँकेचं पाकीट येतं, लोक न उघडता कपाटात टाकतात आणि गाडी विकायच्या वेळी काढतात. एनओसी साधारण तीन महिनेच चालते, मग परत बँकेच्या पायऱ्या झिजवा. तेव्हा पाकीट आलं की लगेच उघडा, फॉर्म 35 च्या (बोजा उतरवायच्या अर्जाच्या) दोन प्रती आहेत का, दोन्हींवर बँकेचा सही-शिक्का आहे का आणि चेसिस नंबर आरसीशी जुळतो का ते बघा, एक आकडा चुकला तरी फाइल परत येते. आरसीवर देना बँक असेल तर एनओसी बँक ऑफ बडोदाची येणार (2019 ला विलीन झाली), त्याला घाबरू नका, फक्त आम्हाला आधी सांगा.

झेरॉक्सवर आम्ही काम घेत नाही, यावरून काहीजण चिडतात, पण अर्धवट फाइल लावून तुम्हाला महिनाभर "होतंय, होतंय" सांगत बसणं आम्हाला जमत नाही. कागद व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, तपासायचे पैसे नाहीत. बोजा उतरला की इन्शुरन्स पॉलिसीवरचं बँकेचं नावही काढून घ्या, तो अर्ज आम्हीच भरून देतो.