जास्वंदीवर पांढरं दिसतंय: सिमेंट की पिठ्या?

कोपरखैरण्याच्या आमच्या वन बीएचकेत बाथरूम फोडायला घेतलं, तेव्हा ड्राय बाल्कनीतल्या १८ कुंड्या उचलून बेडरूमच्या ग्रिलमध्ये कोंबल्या. जिन्यात ठेवायची सोय नाही, तो मोकळाच हवा. आठवड्याने जास्वंद पांढरी दिसायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, सिमेंट उडालंय, फडक्याने पूस." पुसली. त्याच फडक्याने बाकीच्या १७ सुद्धा! पण ते सिमेंट नव्हतं, पिठ्या ढेकूण होता, म्हणजे झाडाचा रस शोषणारी पांढरी कीड, आणि फडक्यावरून तो कुंडीकुंडीत पोचला.

लांबून दोन्ही सारखंच दिसतं. पण पूड वरून पडते, त्यामुळे ती पानाच्या वरच्या अंगाला असते आणि तुळस-मनीप्लांट असा भेद करत नाही. पिठ्याला आडोसा लागतो: पानाचं बेचकं, कळीचा देठ, पानामागची शीर. तिथे कापसाचे बारीक बोळे दिसतील. शंका असेल तर टाचणीने एक ठिपका कागदावर घेऊन चिरडा. पूड खरखरते, पिठ्याचा ओलसर, पिवळट-गुलाबी डाग पडतो. खोडावरून मुंग्यांची ये-जा असेल तर टाचणीसुद्धा नको. पिठ्या रस शोषून गोड चिकटा सोडतो, त्यासाठी मुंग्या त्याला सांभाळतात, इकडून तिकडे नेतात. पानाला पान टेकलेल्या आमच्या ग्रिलमध्ये तर त्याला तेवढीही गरज नव्हती.

सिमेंट असेल तर आधी ओलं फडकं लावू नका, पापुद्रा बसतो. मऊ ब्रशने कोरडंच झटका. मग मातीवर प्लास्टिक बांधून, कुंडी कलती करून भरपूर पाण्याने धुवा. मातीची एवढी काळजी अशासाठी की सिमेंटमधला चुना मुरत राहिला तर माती अल्कधर्मी होते आणि जास्वंद-मोगऱ्याला लोह उचलता येत नाही. नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. त्यापेक्षा तोडफोडीच्या वेळी वर जुनी सुती साडी टाकावी. प्लास्टिक टाकलं तर उन्हात झाडं आतच उकडतात.

पिठ्याच्या अंगावर मेण असतं, नुसतं पाणी ओघळून जातं. थोडे असतील तर कान कोरायची कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवून एकेक टिपा. जास्त असतील तर १ लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब, उन्हं उतरल्यावर, पानांच्या मागून. ७-८ दिवसांनी पुन्हा, कारण तोवर अंड्यांतली पिल्लं बाहेर येतात.

टाइलवाला म्हणतोय अजून चार दिवस, म्हणजे दहा धरा. जास्वंदीच्या दोन फांद्या कापून, पिशवीत बांधून टाकल्या. उरलेली जास्वंद सध्या पलंगाशेजारच्या स्टुलावर एकटी आहे. माझा चष्मा आणि पाण्याचा तांब्या जमिनीवर.