सोसायटीला कर्ज हवंय? आधी प्रॉपर्टी कार्डावर नाव कुणाचं ते पाहा

स्वयंपुनर्विकासाचा (म्हणजे बिल्डरशिवाय सोसायटीनेच इमारत नव्याने बांधण्याचा) ठराव झाला, आर्किटेक्ट नेमला, फाइल बँकेत गेली, आणि बँकेने प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे जमिनीच्या मालकीचा सरकारी उतारा, मागितलं. त्यावर नाव अजून जुन्या जमीनमालकाचं! जी जमीन तारण ठेवायची तीच सोसायटीच्या नावावर नाही, मग कर्ज कसलं? बिल्डर कन्व्हेयन्स, म्हणजे जमिनीची मालकी सोसायटीच्या नावे करून देणारा दस्त, देत नसेल तर इलाज आहे डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे त्याच्या सहीवाचून सरकारी आदेशाने मिळणारं हस्तांतरण. सरकारी भाषेत मानीव अभिहस्तांतरण.

नोंदणीकृत सोसायटीने मोफा, म्हणजे महाराष्ट्राच्या फ्लॅट मालकी कायद्याखाली (१९६३) जिल्हा उपनिबंधकाकडे नमुना ७ मध्ये अर्ज करायचा, २,००० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. नोंदणी प्रमाणपत्र, सभासदांची यादी, करारनामे, इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा), मंजूर नकाशा हे बहुतेकांच्या कपाटात असतंच.

नसते ती ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र. तेवढ्यासाठी कित्येक सोसायट्या वर्षानुवर्षं अर्जच करत नाहीत. ओसी आणणं बिल्डरचं काम होतं, त्याने केलं नाही तर शिक्षा तुम्ही का भोगायची? ओसीऐवजी स्वयंघोषणापत्र चालतं. (त्याने बांधकाम अधिकृत होत नाही, हेही ध्यानात ठेवा.)

दुसरी अडचण नोटिशीची. ती बिल्डरलाही हवी आणि जमीनमालकालाही. मालक वारला असेल तर वारसांना. ‘पत्ता सोडून गेले’ असा पोस्टमनचा शेरा घेऊन परत आलेला लिफाफा कृपा करून फेकू नका. न फोडता फाइलला लावा. नोटीस पाठवल्याचा पुरावा तोच.

आणि चार महिन्यांच्या मुदतीची भीती! सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत कन्व्हेयन्स द्यायचं बंधन बिल्डरवर आहे. ती मुदत त्याची, तुमची नव्हे; ‘आमची मुदत टळली’ म्हणत तुम्ही हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. उपनिबंधकाने अर्जावर सहा महिन्यांत निकाल द्यावा असंही कायदा म्हणतो. म्हणतो खरा.

एका लेआउटमध्ये अनेक इमारती असतील तर क्षेत्रफळ अंदाजाने लिहू नका. आर्किटेक्टचा दाखला आणि मंजूर नकाशा यांचा मेळ बसला नाही की हरकत आलीच.

आदेश मिळाला की लोक पेढे वाटतात. तो आदेश फ्रेम करून सोसायटीच्या ऑफिसात टांगलेला मी पाहिलाय. कार्डावर नाव मात्र जुन्याच मालकाचं. आदेशानंतर दस्ताचा अभिनिर्णय, म्हणजे मुद्रांक शुल्क ठरवून घेणं, मग दुय्यम निबंधकाकडे नोंदणी, आणि शेवटी नगर भूमापन कार्यालयात फेरफार, म्हणजे कार्डावरच्या नावात बदल. जुन्या करारनाम्यांवर स्टॅम्प कमी भरलेला असेल तर तो इथे वर येतो, दंडासकट; तेवढे पैसे आधीच बाजूला काढा. सोसायटीचं नाव चढलेली कार्डाची नवी प्रत हातात आली की मग बँकेचा जिना चढा.