पगारवाढ देऊनही पोरं नोकरी का सोडतात

नाशिकच्या सातपूर-अंबड एमआयडीसीत सुपरवायझर लोकांकडून एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, आजकालच्या पोरांना कामच नको. मला हे अजिबात पटत नाही. 2012 मध्ये कोस्टान्झा या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून तपासले, तर कामातलं समाधान, कंपनीशी बांधिलकी, नोकरी सोडायची इच्छा यात पिढ्यांमधला फरक किरकोळच निघाला.

बदलल्यात त्या अपेक्षा. आणि अपेक्षा मेंदूत चक्क मोजली जाते, हा माझा सगळ्यात आवडता भाग! मेंदूचा अभ्यास करणारे वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या प्रयोगात माकडाला अचानक ज्यूस मिळाला की मेंदूतल्या डोपामिन (बक्षिसाशी जोडलेलं रसायन) सोडणाऱ्या पेशी जोरात सिग्नल द्यायच्या. मग ज्यूसच्या आधी इशारा द्यायला लागले, तर सवय झाल्यावर पेशी इशाऱ्यालाच उसळायच्या आणि ज्यूस आला तरी ढिम्म, कारण तो येणार हे माहीतच होतं. इशारा देऊन ज्यूस दिलाच नाही तर बरोबर ज्या क्षणी तो यायला हवा होता त्या क्षणी सिग्नल नेहमीपेक्षाही खाली जायचा. म्हणजे या पेशी बक्षीस मोजत नाहीत, मिळालं वजा अपेक्षित एवढी वजाबाकी करतात, याला प्रेडिक्शन एरर म्हणतात, आणि त्या फरकाचा थोडा हिस्सा जुन्या अपेक्षेत मिसळून पुढची अपेक्षा तयार होते, म्हणून कालचं सरप्राइज आज हक्काचं वाटतं.

माकडाच्या ज्यूसवरून थेट पगारावर उडी मारता येत नाही, पण माणसांवरचा पुरावा त्याच दिशेचा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या काही कर्मचाऱ्यांना संशोधकांनी कळवलं की सगळ्यांचे पगार एका वेबसाइटवर दिसतात. ज्यांचा पगार आपल्या विभागात मधल्या आकड्याच्या खाली होता ते नाराज झाले, नवी नोकरी शोधायचा विचार करायला लागले, वरचे मात्र काही जास्त खूश झाले नाहीत. पगार तेवढेच होते, तुलना नवी होती. आता अंबडच्या पोराला चाकणमध्ये काय देतात ते व्हॉट्सअ‍ॅपवर कळतं. प्रमोशन अडलं की साडेसाती काढणाऱ्यांनी आणि पुष्कराज विकणाऱ्यांनी यात पडू नये, ही वजाबाकी अंगठीने बदलत नाही.

अपेक्षा मालकांच्याही असतात. चीनच्या ट्रिप डॉट कॉम या प्रवास बुकिंगच्या कंपनीत सुमारे 1600 जणांवर प्रयोग झाला, निम्म्यांना आठवड्यात दोन दिवस घरून काम. 2024 मध्ये निकाल छापून आला, राजीनामे एक तृतीयांशाने घटले, कामाचा दर्जा तसाच राहिला, आणि आधी उत्पादकता घसरेल म्हणणाऱ्या मॅनेजर लोकांचं मतच फिरलं.

कारखान्यातलं सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं) मशीन घरून चालत नाही हे खरंय. पण शिफ्टचा चार्ट आधी लावणं, ओव्हरटाइम आदल्या दिवशी सांगणं, कंत्राटी पोराला परमनंट करणार की नाही ते भरतीलाच स्पष्ट बोलणं कुठल्याही शॉपफ्लोअरवर जमतं, आणि करायचंच नसेल तर "दिवाळीनंतर बघू" म्हणून त्याला आशेवर ठेवणं आधी बंद करा.