कुत्र्याचा ओशाळलेला चेहरा म्हणजे कबुली नव्हे

फाडलेली उशी, मालकाचा चढलेला आवाज आणि कान मागे टाकून नजर चुकवणारा कुत्रा. अशा रील्सखाली हमखास लिहिलेलं असतं, ‘बघा, त्याला चूक कळतेय!’

न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात मानसशास्त्र शिकवणाऱ्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली १४ पाळीव कुत्र्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. मालकाने खाऊ दाखवून ‘खायचा नाही’ म्हणून बजावायचं आणि खोलीबाहेर जायचं. मग प्रयोग करणाऱ्याने कधी तो खाऊ कुत्र्याला द्यायचा, कधी उचलून घ्यायचा. खरी गोम पुढेच आहे. परतलेल्या मालकाला काय घडलं ते सांगायचं, पण काही वेळा चक्क खोटं. खाल्लं म्हटलं तर मालकाने रागवायचं, नाहीतर लाडाने बोलायचं. एरवी गुन्हा आणि ओरडा जोडीनेच येतात. इथे ते वेगळे झाले. न खाता ओरडा मिळालेले आणि खाऊनही लाड झालेले कुत्रेही तपासता आले. व्हिडिओवरून नजर टाळणं, पंजा उचलणं, शेपूट पाडणं असे हावभाव मोजले. खाऊ खाल्ला की नाही, याने फरक पडला नाही. ओरडा बसला की ते वाढले, आणि सर्वांत जास्त दिसले ते निर्दोष असून ओरडा खाल्लेल्या कुत्र्यांत! कुत्र्याला पश्चात्ताप होतच नाही, हे यातून सिद्ध होत नाही. चेहरा त्याचा पुरावा नाही, एवढं नक्की होतं.

रात्री कुत्रं रडलं की कुणीतरी जाणार, ही समजूतही अशीच आपण त्याच्यावर लादलेली. हेल काढणं ही बहुतेकदा लांबवरच्या कुत्र्यांना दिलेली हाक असते.

परळच्या फ्लॅटमध्ये सकाळी अकराला चप्पल कुरतडली आणि लोकलने घरी येऊन संध्याकाळी साडेसातला ओरडलात, तर कुत्रा तो राग चपलेशी जोडत नाही, तुमच्या घरी येण्याशी जोडतो. मग लॅचमध्ये किल्ली फिरली की तो अंग चोरतो आणि आपल्याला ती कबुली वाटते.

त्यापेक्षा चपला बंद कपाटात ठेवा, चावायला टणक रबरी खेळणं द्या आणि निघताना जुना फोन रेकॉर्डिंगवर लावून जा. कुरतडण्यामागे एकटेपणाची भीती असेल, तर ती बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच दिसते. लाळ गळणं, दार ओरबाडणं, सतत येरझाऱ्या दिसल्या, तर पशुवैद्याला व्हिडिओ दाखवा. एकटं राहायची सवय लावताना आधी अर्धा मिनिट बाहेर थांबा, मग दोन, मग पाच. तो कासावीस झाला, तर पुढच्या वेळी आधीच्या कमी वेळेपासून पुन्हा सुरू करा.