प्लॅन एकच हवा : छोट्या सभागृहासाठी तिकीट सॉफ्टवेअर निवडताना

खिडकीच्या काचेखाली ठेवलेला खुर्च्यांचा छापील प्लॅन आणि त्यावर फुल्या मारणारी लाल-निळी पेन्सिल. मराठी रंगभूमीची ही जुनी तिकीट यंत्रणा अजूनही भरवशाची आहे, कारण कागद एकच असतो. फुली पडली की खुर्ची गेली, मग समोर कोणीही उभा असो. सॉफ्टवेअरने करायचं ते एवढंच, की हाच कागद एकाच वेळी खिडकीवर, प्रेक्षकाच्या मोबाइलवर आणि निर्मात्याच्या मॅनेजरसमोर ठेवायचा. तो एकच राहिला पाहिजे. बाकी सगळं नंतर.

आम्ही नौपाड्यातून ठाणे-नवी मुंबईतल्या छोट्या जागांना संगणक, प्रिंटर, स्कॅनर बसवून देतो आणि ते चालू ठेवतो. स्वतःचं तिकीट सॉफ्टवेअर आमच्याकडे नाही. दोन कंपन्या आम्हाला कमिशन देतात. ती रक्कम आम्ही तुमच्या बिलावर लिहून दाखवतो. हे पत्रक ऐंशी ते दोनशे खुर्च्यांच्या जागा चालवणाऱ्यांसाठी आहे : वागळे इस्टेटमधल्या गाळ्यात उभा केलेला स्टुडिओ, नेरूळ-बेलापूरकडची नृत्यशाळा, शाळेचं भाड्याने दिलं जाणारं सभागृह. गडकरी रंगायतन, घाणेकर किंवा वाशीचं विष्णुदास भावे ही पालिकेची मोठी नाट्यगृहं. त्यांचं गणित निराळं.

एफ-५ आणि एफ-६

नवी मुंबईतल्या एका हॉलमध्ये अरंगेत्रम (नृत्य शिकलेल्या विद्यार्थिनीचा पहिला जाहीर कार्यक्रम) होतं, १४० खुर्च्या. साठ खुर्च्या एका ऑनलाइन कंपनीला 'कोटा' म्हणून दिल्या होत्या, उरलेल्या खिडकीवर. दुपारी ऑनलाइन संपलं, तेव्हा मॅनेजरने आणखी दहा खुर्च्या फोनवरून कोट्यात टाकायला सांगितल्या आणि प्लॅनवर फुल्या मारायचं राहून गेलं. तिसरी घंटा व्हायच्या आत एफ-५ आणि एफ-६ वर दोन जोडपी उभी, चौघांच्याही हातात खरी तिकिटं. एक जोडपं मुलुंडहून आलेलं. शेवटी मधल्या वाटेत प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकल्या. आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच, म्हणजे एक चूक झाकायला दुसरी मोठी चूक. संगणक आमचाच होता, त्यामुळे बोलणी आम्हीही खाल्ली.

म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न हा विचारा : खिडकी, ऑनलाइन, फोनवरची राखीव, सौजन्य पास, निर्मात्याच्या खुर्च्या, सगळं एकाच प्लॅनवर दिसतं का, की कोटे पाडावे लागतात? कोटा म्हणजे दोन कागद. 'आमच्याकडे कोटा सिंक होतो' असं उत्तर आलं तर किती सेकंदांनी होतो ते विचारा आणि दोन फोन हातात घेऊन समोरच करून बघा.

तुमच्या खुर्च्या त्यांना समजतात का

डेमोमध्ये दाखवलेला प्लॅन नेहमी सरळ रांगांचा, डावीकडून उजवीकडे एक, दोन, तीन. आपल्याकडे तसं क्वचित असतं. काही ठिकाणी मधल्या वाटेपासून एका बाजूला विषम आकडे, दुसऱ्या बाजूला सम. तिथे ७ आणि ९ शेजारी असतात, आणि ७ आणि ८ मध्ये अख्खी वाट. सॉफ्टवेअरला हे शिकवलं नाही तर 'दोन शेजारच्या द्या' म्हणणाऱ्या नवरा-बायकोला ते वाटेच्या अल्याड-पल्याड बसवतं. बऱ्याच सभागृहांत इंग्रजी आय आणि ओ या रांगा मुद्दाम गाळलेल्या असतात, कारण त्या एक आणि शून्यासारख्या दिसतात. सॉफ्टवेअर त्या आपोआप घालतं आणि एचच्या पुढच्या सगळ्या रांगा सरकतात. खांबाआडची खुर्ची, ध्वनियंत्रणेच्या टेबलापायी काढलेल्या चार खुर्च्या, व्हीलचेअरची जागा, हे सगळं कंपनीला फोन न करता तुम्हाला स्वतःला बदलता आलं पाहिजे.

बैठकीची मैफल असेल तर प्रश्न उलटा. गाद्यांवर नंबर नसतात, फक्त माणसं मोजायची असतात. पुढे गाद्या आणि मागे नंबराच्या खुर्च्या असा मिश्र प्लॅन फार थोड्या सॉफ्टवेअरना जमतो. महिन्यातून एखादी मैफल होत असेल तरी आधी विचारून ठेवा.

पैसे कोणाच्या खात्यात

तिकिटाचे पैसे आधी सॉफ्टवेअर कंपनीच्या खात्यात जाऊन मग तुमच्याकडे येतात, की पेमेंट गेटवेकडून, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या कंपनीकडून, थेट तुमच्या खात्यात? थेट येणारा मार्ग निवडा, त्यासाठी केवायसीच्या कागदांची दगदग झाली तरी. साधारणपणे दोन-तीन कामकाजाच्या दिवसांत पैसे जमा होतात. 'प्रयोग झाल्यावर पंधरा दिवसांनी' असं कोणी म्हणालं, तर तुमच्या पैशावर ते पंधरा दिवस धंदा करणार. निर्मात्याला हिस्सा द्यायचा असतो तिथे गेटवेलाच रक्कम वाटून द्यायला सांगता येतं. रात्री अकराला गल्ल्यावरून होणारी वादावादी त्याने बरीच कमी होते.

यूपीआयवरचा एमडीआर (पैसे घेणाऱ्या दुकानदाराकडून कापली जाणारी फी) १ जानेवारी २०२० पासून शून्य आहे. तरीही काही गेटवे 'प्लॅटफॉर्म फी' या नावाने काही ना काही लावतात. कार्डावर साधारण दोन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून चाला.

परदेशी सॉफ्टवेअर दिसायला देखणी असतात आणि नाट्यगृहाचं काम त्यांना चांगलं कळतं. पण त्यातली बरीच स्ट्राइप या परदेशी पेमेंट गेटवेवर चालतात. स्ट्राइपने २०२४ पासून भारतात नवी खाती सरसकट उघडणं बंद केलं आणि फक्त निमंत्रणावर ठेवलं. यूपीआय नसेल तर तलावपाळीच्या कट्ट्यावर बसून तिकीट काढू पाहणारा प्रेक्षक तिथूनच परत फिरतो. खुल्या परवान्याचं प्रीटिक्स हे तिकीट सॉफ्टवेअर आम्हाला आवडतं, त्याचं दारावरचं ॲप नेटशिवायही स्कॅन करतं. मात्र ते स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचं तर सांभाळणारा माणूस हवा. भाचा इंजिनिअर आहे, हे पुरेसं नाही. भाचा पुण्याला जातो.

फीचं गणित

खालचे दर समजण्यापुरते घेतले आहेत, कोणा कंपनीचे नाहीत. समजा १२० खुर्च्या, तिकीट ३०० रुपये, सरासरी ७२ खुर्च्या भरतात. एक कंपनी तिकिटामागे १२ रुपये घेते, दुसरी महिना २,५०० रुपये, तिसरी विक्रीच्या सहा टक्के. महिन्याला आठ प्रयोग झाले तर ५७६ तिकिटं : पहिलीचे ६,९१२, दुसरीचे २,५००, तिसरीचे १०,३६८ रुपये. जुलैत मात्र एकच प्रयोग झाला तर ७२ तिकिटांवर पहिलीचे ८६४, तिसरीचे १,२९६ आणि दुसरीचे तेच २,५००. या दरांत महिना २०९ तिकिटांपासून, म्हणजे जवळपास तीन प्रयोगांपासून, पहिलीपेक्षा मासिक भाडं परवडतं. आपल्याकडे दिवाळी ते मे एक चाल आणि पावसाळ्यात दुसरी. म्हणून 'महिना थांबवता येतो का' हे आधी विचारा. या फीवर १८ टक्के जीएसटी वेगळा. तुमची नोंदणी नसेल तर तो परत मिळत नाही, म्हणजे १२ चे १४ रुपये १६ पैसे झाले.

'तुम्हाला फुकट, फी प्रेक्षक भरेल' हा चौथा प्रकार. वाईट नाही, पण ३०० चं तिकीट शेवटच्या पानावर ३४० झालेलं दिसलं की शिव्या तुम्हाला पडतात, कंपनीला नाही. शेवटच्या पायरीवर दर चढवणं आणि न विचारता काहीतरी टोपलीत टाकणं या दोन्ही गोष्टी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या रचनांमध्ये धरल्या आहेत. सगळं मिळून होणारी रक्कम पहिल्याच पानावर दिसायला हवी.

तिकिटावरच्या जीएसटीचं थोडक्यात : नाटक, नृत्य, संगीताच्या कार्यक्रमाला माणशी ५०० रुपयांपर्यंतच्या प्रवेशावर कर नाही. ही मर्यादा २५ जानेवारी २०१८ पासून २५० वरून ५०० झाली. ५०० च्या पुढे गेलं की पूर्ण रकमेवर १८ टक्के, नुसत्या वरच्या रकमेवर नाही. एकाच प्रयोगात ३०० आणि ७०० ची तिकिटं असतील तर सॉफ्टवेअरला दोन्हींचा कर वेगळा लावता यायला हवा. कार्यशाळेच्या फीचा हिशोब निराळा, तो सीएला विचारा.

दारावर

बहुतेक घोळ दारावरच होतात. तळघरातल्या किंवा पत्र्याच्या गाळ्यातल्या हॉलमध्ये मोबाइलला रेंज नसते. स्कॅनरकडे यादी आधीच उतरवलेली असली तर नेट गेलं तरी चालतं. दोन दारं आणि दोन फोन असतील तर नेट नसताना एकच क्यूआर दोन्हीकडून आत जाऊ शकतो. तेव्हा नेट नसेल त्या दिवशी एकच दार ठेवा. तिकीट व्हॉट्सॲपवर फिरतं आणि एका क्यूआरवर दोघं येतात. स्कॅनरने 'आधीच आत गेले, ७ वाजून १८ मिनिटं' असं वेळेसकट सांगितलं तर डोअरकीपरला निदान बोलायला जागा राहते.

यूपीआयचं एक दुखणं ध्यानात ठेवा. प्रेक्षक खुर्ची निवडतो, ती आठ-दहा मिनिटं अडवली जाते, बँक रेंगाळते, खुर्ची सुटते आणि मग पैसे कापले जातात. अशा वेळी खुर्ची अजून मोकळी असेल तर त्यालाच मिळावी. ती गेली असेल तर पैसे आपोआप परत जावेत आणि तसा संदेश जावा. 'ग्राहकाने मेल करावा' हे उत्तर आम्हाला चालत नाही. खिडकीवर भांडायला येणारा माणूस मेल करत नाही.

मराठीतलं छापील तिकीट हा आमचा नेहमीचा त्रास. स्वस्त थर्मल प्रिंटरमध्ये देवनागरी नसते : चौकोन येतात, नाही तर जोडाक्षरं तुटतात. सॉफ्टवेअर तिकीट चित्र म्हणून पाठवत असेल तर नीट छापतं. एसएमएसचंही तसंच. इंग्रजीत एका संदेशात १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०. काना-मात्राही त्यात मोजल्या जातात, त्यामुळे एका तिकिटाचे दोन-तीन एसएमएस होतात आणि बिलही तेवढंच वाढतं. शिवाय मजकुराचा साचा डीएलटीवर, म्हणजे व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणी यंत्रणेवर, आधी नोंदवावा लागतो.

आणि खिडकी बंद करू नका. आपला निम्मा प्रेक्षक पेन्शनीतला आहे. फोनवर 'दोन ठेवा हो, येऊन घेतो' म्हणतो आणि खरंच येतो. नावावर राखून ठेवायची आणि प्रयोगाआधी अर्धा तास आपोआप सोडायची सोय सॉफ्टवेअरमध्ये नसेल, तर मॅनेजर पुन्हा वही उघडतो आणि कागद दोन होतात.

प्रयोग रद्द झाला तर

रविवारचा मेगाब्लॉक आधी कळतो, पाऊस कळत नाही. गाड्या थांबल्या की डोंबिवलीचा प्रेक्षक आणि दादरचा तबलजी दोघंही अडकतात. सगळी तिकिटं एका फटक्यात पुढच्या तारखेला नेता येतात का, आणि ज्याला पैसेच हवेत त्याला ते देता येतात का, हे बघा. बहुतेक गेटवे परताव्यातही आपली फी ठेवून घेतात. ती कोणी सोसायची हे करारात लिहून घ्या.

प्रेक्षकांची यादी कोणाची, हेही त्याच करारात. मोठ्या तिकीट ॲपवर विकलं तर प्रेक्षकाचा नंबर बरेचदा तुमच्या हाती येत नाही. तीन वर्षांनी कंपनी बदलली की तुम्ही पुन्हा शून्यावर. यादी एक्सेलमध्ये कधीही उतरवता आली पाहिजे. ती हाती आली म्हणून सगळ्यांना जाहिराती पाठवत सुटू नका. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमती मागतो. तिकीट काढताना एक चौकोन ठेवा, तोही आधीच टिक केलेला नको.

आमच्याकडे येण्याआधी

रिकाम्या सभागृहाचा स्टेजवरून काढलेला फोटो, खुर्च्यांच्या नंबरांसकट प्लॅन (हाताने काढलेला चालेल) आणि मागच्या तीन महिन्यांच्या तिकीट पुस्तकांच्या स्थळप्रती घेऊन या. त्यावरून कुठली फी परवडेल ते अर्ध्या तासात निघतं. पहिल्या भेटीचे पैसे नाहीत. निवड झाली की खरेदीआधी एका खऱ्या प्रयोगाला, शक्यतो रविवारी दुपारी, आम्ही कागदी प्लॅन शेजारी ठेवून सॉफ्टवेअर चालवून बघतो. शनिवार-रविवारी संध्याकाळी सहा ते नऊ फोन उचलला गेला नाही तर राग मानू नये, तेव्हा आम्ही कुठल्या तरी दारावर स्कॅनर घेऊन उभे असतो.