स्नूकरमधील चेंडूंची मांडणी

स्नूकरची प्रत्येक फ्रेम, म्हणजे एकेक डाव, सुरू होण्याआधी १५ लाल आणि ६ रंगीत चेंडू ठरलेल्या जागी लावण्याची क्रिया. पांढरा चेंडू या मांडणीत धरत नाहीत. ब्रेक, म्हणजे पहिला फटका, करणारा खेळाडू तो टेबलावरच्या ‘डी’ या अर्धवर्तुळाच्या आत हवा तिथे ठेवतो.

टेबलाची खेळायची जागा ३,५६९ × १,७७८ मिमी. खालच्या कुशनपासून (टेबलाच्या रबरी कडेपासून) ७३७ मिमीवर बॉक लाइन ही आडवी रेघ, तिच्यामागचा भाग म्हणजे बॉक, आणि तिच्यावर २९२ मिमी त्रिज्येचा ‘डी’. बॉककडून पाहता या रेघेवर डावीकडे हिरवा, मध्ये तपकिरी, उजवीकडे पिवळा. नवख्यांची गल्लत होते ती हिरव्या-पिवळ्यातच. त्यावर ग्रीन, ब्राऊन, यलो यांच्या आद्याक्षरांवरून ‘गॉड ब्लेस यू’ अशी खूण इंग्रजीत रूढ आहे. निळा टेबलाच्या मध्यावर, काळा वरच्या कुशनपासून ३२४ मिमीवर, आणि गुलाबी निळ्याची जागा व वरची कुशन यांच्या बरोबर मधोमध.

खरे कौशल्य लालच्या त्रिकोणात लागते. त्याचे टोक गुलाबीच्या शक्य तितके जवळ हवे, पण टेकलेले चालत नाही. पाच चेंडूंची मागची रांग वरच्या कुशनला समांतर हवी. लाल लावायची त्रिकोणी चौकट थोडी मागेपुढे सरकवून चेंडू एकमेकांना घट्ट भिडवतात आणि मग ती अलगद उचलतात. घाईत उचलली, किंवा चेंडूखाली खेळायच्या काठीच्या टोकाला लावलेल्या खडूचा कण राहिला, की फटी पडतात. सतत चेंडू ठेवून झिजलेल्या स्पॉटवर (चेंडूच्या जागेच्या खुणेवर) तर चेंडू आपणच खळग्यात घरंगळतो.

फट दिसायला क्षुल्लक असते, पण ब्रेकचा नेहमीचा फटका मागच्या रांगेच्या कोपऱ्यातल्या लालला अगदी पातळ, म्हणजे कडेला निसटता, लागतो आणि पांढरा कुशनांवरून फिरून पुन्हा बॉकमध्ये येतो. चेंडूचा व्यास अवघा ५२.५ मिमी. त्रिकोण दोन-तीन मिमी बाजूला सरकला, तर तोच फटका जाड बसतो किंवा लाल चुकतोच. फट असेल तर धक्का पुढच्या चेंडूंपर्यंत नेहमीसारखा पोहोचत नाही आणि लाल वेगळेच विखुरतात.

१५ लालचा त्रिकोण स्नूकरच्या आधीचा, ‘पिरॅमिड्स’ या खेळातला. १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन या अधिकाऱ्याने त्यात रंगीत चेंडूंची भर घातली, असे मानले जाते. गुलाबीच्या जागेला आजही ‘पिरॅमिड स्पॉट’ म्हणतात.