पिशवीच्या तोंडाशी दहा-वीस वर्षं

गर्भाशयाला आपल्याकडे बायका 'पिशवी' म्हणतात आणि त्याच्या खालच्या अरुंद टोकाला 'पिशवीचं तोंड'. या तोंडाचा कॅन्सर झाल्याचं कळल्यावर कितीतरी जणींच्या मनात पहिला प्रश्न येतो तो आजाराबद्दल नसतो. 'माझं काय चुकलं?' असं त्या स्वतःलाच विचारतात. या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं तर एका विषाणूची गोष्ट नीट सांगायला हवी.

त्याचं नाव ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, एचपीव्ही. त्याचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. हातापायावर चामखीळ उठते तीही त्यातल्याच काहींमुळे. पिशवीच्या तोंडाला धोका आहे तो साधारण डझनभर प्रकारांपासून, आणि त्यातही १६ आणि १८ क्रमांकाच्या दोघांकडून. या कॅन्सरच्या जवळजवळ ७० टक्के केसेसमागे हे दोनच असतात. हा विषाणू शरीरसंबंधातून, त्वचेला त्वचा लागून पसरतो. तो इतका सर्रास आढळतो की लैंगिक आयुष्य सुरू झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना कधी ना कधी त्याची लागण होतेच. तापही येत नाही, दुखतही नाही. दहातल्या नऊ जणींचं शरीर दोनेक वर्षांत त्याला आवरतं आणि तो येऊन गेल्याचं त्यांना कधीच कळत नाही.

मग उरलेल्या एकीच्या बाबतीत काय बिनसतं?

आपल्या डीएनएत सुमारे ३०० कोटी अक्षरं असतात, एचपीव्हीच्या डीएनएत जेमतेम ८ हजार, आणि तीही बांगडीसारखी गोल जोडलेली. एवढ्याशा सामानात स्वतःची नक्कल करण्याची यंत्रणा मावत नाही. ती त्याला आपल्या पेशीकडून वापरून घ्यावी लागते. बारीकशा खरवडीतून तो पिशवीच्या तोंडावरच्या आवरणाच्या अगदी तळच्या थरात शिरतो. तिथल्या पेशी विभागत राहतात, हळूहळू वर सरकतात आणि शेवटी गळून पडतात. मात्र वर सरकू लागलेली पेशी विभागणं थांबवते, आणि विषाणूला तर नकलांसाठी चालू यंत्रणा हवी. त्यासाठी तो दोन प्रथिनं बनवतो. ई-७ हे प्रथिन पेशीच्या विभाजनाचा ब्रेक निकामी करतं. आता एरवी, अशी बेशिस्त सुरू झाली की पी-५३ नावाचं राखणदार प्रथिन पेशीला थांबवतं, नाहीतर मरायला लावतं. तेवढ्यासाठी ई-६ त्या राखणदाराचाच निकाल लावतं.

इथवर कॅन्सर नाही. ई-२ नावाचं तिसरं प्रथिन या दोघांना लगाम घालून ठेवतं. नवे विषाणू वरच्या, गळून पडणाऱ्या पेशींत तयार होतात आणि त्यांच्यासोबतच बाहेर पडतात. पेशी फुटत नाहीत, सूज येत नाही, रक्तात काही उतरत नाही, म्हणून शरीराच्या पहारेकऱ्यांनाही सुगावा उशिरा लागतो.

विषाणू वर्षानुवर्षं टिकून राहिला तर मात्र अपघात घडू शकतो. त्याची गोल बांगडी तुटते आणि आपल्या गुणसूत्रात कुठेतरी घुसून बसते. ती पुष्कळदा ई-२च्या जागीच तुटते. लगाम गेला, ई-६ आणि ई-७ मोकाट सुटले. अशा पेशीतून नवे विषाणू बनत नाहीत, म्हणजे विषाणूच्या दृष्टीनेही हा वंश बुडणाराच रस्ता. पेशी मात्र विभागत राहते, राखणदार नसल्याने एकेक बिघाड साचत जातो. पिशवीच्या तोंडाशी आतल्या एकेरी थराच्या पेशी बाहेरच्या अनेक थरांच्या पेशींना भेटतात. ही सीमारेषा वयात येताना आणि बाळंतपणात बदलत असते. बहुतेक कॅन्सर तिथेच सुरू होतात.

या दोन प्रथिनांची पकड किती घट्ट असते याचा पुरावा १९५१ सालापासून जगभरच्या प्रयोगशाळांत जिवंत आहे. अमेरिकेत बाल्टिमोरला हेन्रिएटा लॅक्स ही ३१ वर्षांची आई याच आजाराने गेली. तिच्या गाठीतून, तिला न विचारता, घेतलेल्या पेशी आजही वाढताहेत. त्यांत पुढे १८ क्रमांकाचा एचपीव्ही सापडला. ई-६ आणि ई-७ बंद पाडले, की इतक्या दशकांनंतरही त्या पेशींची वाढ थांबते.

१९७०च्या दशकात संशय होता हर्पिसच्या विषाणूवर. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसन यांना गाठींमध्ये तो सापडेना, म्हणून ते पॅपिलोमाच्या मागे लागले. १९८३ साली त्यांच्या गटाने १६ क्रमांक वेगळा केला, पुढच्या वर्षी १८. २००८ साली त्यांना नोबेल मिळालं.

लागण ते कॅन्सर या प्रवासाला बहुधा दहा ते वीस वर्षं लागतात. मला या साऱ्या गोष्टीत सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच. एवढा अवधी देणारे कॅन्सर फार थोडे. तरीही २०२२ साली भारतात अंदाजे सव्वा लाख स्त्रियांना हा आजार झाला आणि ८० हजारांच्या आसपास दगावल्या.

या अवधीचा उपयोग करता येतो हे जगाला दाखवलं ते आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या बायकांनी. १९९९ साली, तो उस्मानाबाद होता तेव्हा, बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाच्या आणि टाटा मेमोरियलच्या सहभागाने तिथे मोठा अभ्यास सुरू झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया, गावागावांचे ५२ समूह, चार गट. एका गटाची एकदाच एचपीव्ही चाचणी, दुसऱ्याची पॅप स्मिअर, म्हणजे पिशवीच्या तोंडावरच्या पेशी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं, तिसऱ्याची पातळ ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, लावून तपासणी, चौथ्याची तपासणी नाही. आठ वर्षांत चौथ्या गटात या कॅन्सरने ६४ जणी गेल्या, एचपीव्ही चाचणीच्या, थोड्या मोठ्याच असलेल्या, गटात ३४. आयुष्यात एकदा केलेल्या चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. एका गटाला तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, यावर नंतर वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. त्या ६४ जणींचं ऋण जगभरच्या स्त्रियांवर आहे.

ॲसिटिक ॲसिडच्या एकदाच केलेल्या तपासणीने तिथे फारसा फरक पडला नाही. पण मुंबईच्या झोपडपट्ट्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी तीच तपासणी दर दोन वर्षांनी केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

लसीचीही एक गोष्ट आपल्याच मुलींची आहे. विषाणूचं बाहेरचं कवच प्रयोगशाळेत बनवलं की त्याचे आपोआप पोकळ गोळे होतात. आत डीएनए नाही, म्हणून लागण होणं शक्य नाही, पण शरीर विषाणूचा चेहरा ओळखायला शिकतं. भारतात पुण्यासह अनेक ठिकाणी दोन डोस पुरतात की तीन लागतात हे तपासणं चालू असताना २०१० साली लसीकरण मध्येच थांबवलं गेलं. सुमारे पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला होता. संशोधकांनी त्यांना वाऱ्यावर सोडलं नाही. दहा वर्षांनी दिसलं, की १६ आणि १८च्या टिकून राहणाऱ्या लागणीपासून एका डोसनेही ९५ टक्क्यांच्या आसपास संरक्षण दिलं होतं. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने एक डोसही पुरतो असं मान्य केलं, त्यामागे या मुलींचा मोठा वाटा आहे. २०२३ पासून पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक ही लसही आली आहे. लागण होण्याआधी, ९ ते १४ वयात, ती सर्वाधिक उपयोगी पडते. लस घेतली तरी तिशीनंतरची तपासणी चुकवायची नाही, कारण सगळेच प्रकार लसीत नसतात.

आणि तो पहिला प्रश्न. एचपीव्हीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून घरात बाईकडे संशयाने पाहिलं जातं, नवऱ्याकडेही. हे अन्यायाचं आहे. विषाणू वर्षानुवर्षं शांत राहू शकतो. तो केव्हा आला आणि कुणाकडून, हे कुठलीही चाचणी सांगत नाही. आयुष्यभर एकच जोडीदार असलेल्या स्त्रीलाही तो होतो. कुणाचं काही चुकलेलं नसतं.

पाळी गेल्यावर पुन्हा लाल दिसलं, संबंधानंतर रक्त आलं, अंगावरून घाण वासाचं पाणी जाऊ लागलं, तर डॉक्टरांकडे लगेच जावं. पण तपासणीसाठी त्रासाची वाट पाहू नये. सरकारी आरोग्य केंद्रांतल्या तपासणीत पिशवीच्या तोंडाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावून मिनिटभर थांबतात. बिघडू लागलेली जागा पांढरी दिसते. डाग लहान आणि वरवरचा असेल तर तो उष्णता देऊन काही मिनिटांत काढता येतो, बऱ्याचदा त्याच दिवशी, आणि बाई आपल्या पायांनी घरी जाते.